ओळख नसेल तर काम मिळतच नाही का? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या घरातल्या पहिल्या माणसाला शहरात काम कुणामुळे लागलं, आणि तीच ओळख आज तुमच्या पोरांना उपयोगी पडते का. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज भरपूर आले, सगळे छापणं शक्य नाही. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत. नावं छापलेली नाहीत कारण बऱ्याच जणांनी अगदी घरातलं लिहिलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे आजोबा देवगड तालुक्यातले, परळच्या एका मिलमध्ये साचेवाले (मागावर कापड विणणारे) होते. घरात सगळे सांगतात की त्यांनी गावातली निम्मी पोरं मिलमध्ये चिकटवली. वडिलांना मात्र संपानंतर काहीच धड मिळालं नाही, वॉचमनकी केली, लालबागची खोली विकली आणि आम्ही इकडे आलो. मी बीकॉम झालोय, दीड वर्ष अर्ज टाकतोय, पोर्टलवर टाकलं की पुढे कुणाचा फोन नाही की मेल नाही. मित्राला त्याच्या चुलत भावाने कंपनीत आत घेतलं. माझ्याकडे असं कोणी नाही. वशिल्याशिवाय काही होतच नाही असं समजायचं का? (एक वाचक, नालासोपारा)

उत्तर : दादा, आधी आजोबांचं बघू, कारण तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मुंबईत कापड गिरण्या १८५० च्या दशकात सुरू झाल्या आणि जसजशा वाढल्या तसतसा कोकणातून, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये), माणूस येत राहिला. त्यांना कामावर घ्यायला आजच्यासारखं एचआर नव्हतं की पेपरात जाहिरात नव्हती, सगळं जॉबरच्या, म्हणजे माणसं आणून त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मुकादमाच्या, हातात. सकाळी भोंगा झाला की गेटवर बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी काम करणारे) उभे, त्यातून आज कुणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवणार, त्यासाठी दस्तुरी (कमिशन) पण घेणार, आणि अडीनडीला उसने पैसे पण तोच देणार. जॉबरलाही माणूस असा लागायचा की जो मध्येच पळून जाणार नाही, नीट काम करेल, आणि केलं नाही तर गावी त्याच्या बापाला निरोप धाडता येईल. म्हणून तो आपल्या गावचाच आणायचा, आपल्या भावकीतला, आपल्या जातीतला. त्यामुळे एकेका खात्यात एकेका भागातली माणसं भरलेली असायची. पोरगा भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरला की थेट गावकीच्या खोलीवर, एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीप्रमाणे झोपणार, एक उठून कामाला गेला की त्याच्या जागी दुसरा. जेवण खानावळवाल्या बाईकडे, पैसे पगारावर. म्हणजे काम, झोपायची जागा, जेवण आणि उधारी हे सगळं एकाच ओळखीतून यायचं. तुमच्या आजोबांनी निम्मं गाव चिकटवलं हे मला अजिबात अतिशयोक्त वाटत नाही, अनेकांनी तसं केलंय.

पण बघा, यात एक मोठी अडचण लपलेली होती आणि ती १८ जानेवारी १९८२ नंतर दिसली. त्या दिवशी गिरणी संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. मिल बंद राहिली तेव्हा शेजारी, मामा, सासरे, खोलीवरचे सोबती सगळेच घरी बसले, कारण सगळ्यांना एकानेच तिथे आणलेलं होतं. एरवी माणसाची नोकरी गेली की तो ओळखीच्या माणसाकडे जातो, पण इथे ज्याच्याकडे जायचं तोच तुमच्याकडे आलेला. अख्खं गाव एकाच होडीत बसलेलं होतं. तुमच्या वडिलांना काही मिळालं नाही यात त्यांची काही कमी होती असं कृपा करून घरात कुणी बोलू नका, त्यांच्या ओळखी भरपूर होत्या, फक्त त्या सगळ्या एकाच धंद्यातल्या होत्या आणि तो धंदाच उठला.

आता तुमचं. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला, आज पन्नास वर्षं झाली तरी लोक त्यावर बोलतात. बोस्टनजवळ ज्यांनी नुकतीच नोकरी बदललेली अशा माणसांना त्याने विचारलं, जागेची खबर ज्याच्याकडून आली त्याला तेव्हा तुम्ही किती भेटत होतात? ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी नेहमी भेटणाऱ्याकडून खबर मिळाली असे साधारण १७ टक्के, कधीमधी भेटणाऱ्याकडून ५६ टक्के आणि क्वचितच भेटणाऱ्याकडून २८ टक्के. म्हणजे जिवाभावाच्या माणसापेक्षा लांबच्या ओळखीचा उपयोग जास्त झाला, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते तुम्हालाही आधीच माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी लोकांच्या माहितीवरून हे परत तपासलं गेलं, त्यातही असंच निघालं की अगदी घट्ट नाही आणि अगदीच अनोळखी पण नाही अशी मधली ओळख नोकरी बदलायला सगळ्यात जास्त कामाला येते.

त्यामुळे तुम्ही म्हणता की माझ्याकडे कोणी नाही, ते मला पटत नाही. चुलत भाऊ नसेल, पण कॉलेजमधले दोन वर्षं पुढचे विद्यार्थी, जिथे टॅली शिकलात तिथले सर, लालबागच्या मंडळातले जे आता कुठे कुठे विखुरलेत ते, लोकलच्या ग्रुपमधले, वडील जिथे वॉचमन होते त्या सोसायटीचा हिशोब बघणारा सीए. यांना "नोकरी द्या" म्हणून फोन करू नका, समोरचा अवघडतो आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाही. विचारा की तुमच्याकडे माणसं कधी घेतात, कुणामार्फत घेतात, आत येणाऱ्याला काय यायला लागतं, एवढंच. ही माहिती द्यायला कुणाला जड जात नाही आणि तीच कुठल्या पोर्टलवर मिळत नाही. सोबत अप्रेंटिसशिपचं बघा, १९६१ च्या कायद्याखाली ती पद्धत आहे आणि आता पदवीधरांना पण घेतात, स्टायपेंड कमी असतो हे खरं पण वर्षभर आत राहिलात की पंचवीस माणसं तुम्हाला कामावरून ओळखायला लागतात. कुणाचा हक्क मारून घुसायचं असेल तर मी कधी सांगणार नाही, पण जागा कुठे आहे ते विचारण्यात लाज कसली.

प्रश्न : ताई, माझे वडील आणि मामा दोघं लोअर परळला छापखान्यात. आम्ही दोघं भावंडं. दादाला मराठी शाळेत घातलं कारण तो दहावीनंतर प्रेसमध्येच जाणार हे ठरलेलं. माझं काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं म्हणून आईने हट्ट करून मला इंग्लिश मीडियममध्ये टाकलं. आज मी बँकेत आहे. प्रेस केव्हाच बंद पडली, दादा डिलिव्हरीचं काम करतो. घरात बोलणी होतात की हिच्यावर खर्च केला आणि त्याच्यावर केला नाही. मला फार अपराधी वाटतं. असं फक्त आमच्याच घरात झालं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही गं बाई, अजिबात नाही, आणि तुझं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसले कारण यावर चांगला अभ्यास झालाय तो तुझ्या घरच्यांनी ऐकायला हवा.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दादर भागातल्या शाळा आणि ४,९०० कुटुंबांची माहिती गोळा केली, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांना बघायचं होतं की नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, इंग्रजी येणाऱ्याला पगार वाढला, तर मग आईबाप मुलांना कुठल्या शाळेत घालतात. त्यांना काय दिसलं तर ज्या जातींमधले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना कामगार म्हणून कामाला लावत आले, त्या घरांतले मुलगे मराठी शाळेतच जात राहिले, कारण पुढे काका-मामा लावतील तिथे इंग्रजीची गरज नव्हती. मुलींना अशी कुठली साखळीच नव्हती. काका त्यांना कामाला लावणार नव्हता. म्हणून त्याच घरांतल्या मुली इंग्रजी शाळांकडे वळल्या आणि वरच्या जातींतल्या मुलींच्या जवळ जाऊन पोचल्या, मुलगे मात्र मागे राहिले. तुझ्या घरची गोष्ट ४,९०० कुटुंबांत लिहून ठेवल्यासारखी आहे.

म्हणजे तुझ्या वडिलांनी दादावर अन्याय केला असं पण नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मुलाला देण्यासारखी एकच पक्की गोष्ट होती, ती त्यांनी दिली. प्रेसमधलं काम म्हणजे कायमची भाकरी असं त्या काळात वाटणं साहजिक होतं. आणि तुला काही दिलं नाही म्हणून तुझ्या आईला नवीन काही शोधावं लागलं. मला या सगळ्यात आईचं फार कौतुक वाटतं आणि तिचं नाव या भांडणात कुणी घेत नसणार हेही मला माहिती आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, बायकांना कधीच साखळी नव्हती असं नाही. मिलमध्ये बायकांच्या खात्यात नायकीण असायची, ती पुरुषांच्या जॉबरसारखीच बायका आणायची. खानावळवाल्या बायका एकमेकींच्या आधारानेच उभ्या राहिल्या, १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आज घरकामाला जाणाऱ्या मावशी पण नवीन आलेल्या शेजारणीला दोन घरं मिळवून देतात. फरक एवढाच की या ओळखीतून मिळणारं काम बहुतेक वेळा कमी पैशाचं आणि कागदावर न येणारं असतं.

आता दादाचं. घरातली ओळखीची माणूस आता तू आहेस. तुझ्या बँकेतच त्याला लाव असं मी म्हणत नाही, पण तुझ्याकडे छोटे उद्योगवाले, पॅकेजिंगवाले, लेबल छापणारे कर्जासाठी येतात ना? छापाईचं काम बंद झालं नाही, ते दुसऱ्या जागी गेलंय आणि मशीन बदललीय. ज्याचा हात शाई आणि कागदावर बसलेला आहे त्याला नवीन मशीन शिकायला कॉलेजच्या पोरापेक्षा कमी वेळ लागतो. तो कुठे शिकेल, कोण घेईल, एवढं विचारून दे. अपराधी वाटून घेण्यात तुझी शक्ती घालवू नकोस.

प्रश्न : यूपी-बिहारचे लोक एक आला की दहा आणतो. सुतारकाम, टॅक्सी, बिल्डिंगचं काम सगळं त्यांच्याकडे गेलं. आमच्या पोरांना कोण विचारत नाही. याबद्दल तुम्ही मासिकवाले कधी लिहिणार? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : लिहितेच आहे. तुमचा राग मला समजतो कारण बाहेर राहिलेल्याला हे सगळं बंद दारासारखंच दिसतं. पण वर देवगडच्या आजोबांचं वाचलंत ना? एक आला आणि गाव आणलं, तेच तर आपल्या माणसांनी केलं आणि आपण ते अभिमानाने सांगतो. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातले डबेवाले १८९० पासून असेच एकमेकांना आणत आलेत. साताऱ्याकडचे माथाडी तसेच, टोळी बघा, अर्धी टोळी एका खोऱ्यातली निघेल. सुरतेत उधना, लिंबायत भागात खानदेशातली माणसं कापडाच्या कामाला गेली ती अशीच. विटा, खानापूर, आटपाडीची पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, पार लांबच्या शहरात गेलात तरी गलाई दुकानात मराठी बोलणारा भेटतो, आणि त्याने तिथल्या स्थानिक पोराला न घेता भाच्यालाच घेतलेलं असतं. त्या शहरातलं कोणी आपल्याबद्दल तुमच्यासारखंच पत्र लिहीत असेल.

एक खरं कारण सांगते जे कुणी बोलत नाही. कंत्राटदाराला लांबचा माणूस परवडतो. तो साईटवरच राहतो, रविवारी घरी जात नाही, गणपतीला सुट्टी मागत नाही, रात्री ट्रक आला तर उठवता येतो, आणि त्याच्या गावचा जो मुकादम आहे तो त्याच्यावर लक्ष ठेवतो. स्थानिक पोराला घरी जायचं असतं, आठ तासांनंतर थांबायचं नसतं, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. म्हणजे भांडायचंच असेल तर ते बारा-बारा तासांच्या कामाशी आणि रोजंदारीच्या दराशी. जौनपूर-आझमगढच्या टॅक्सीवाल्याला हाकलून तो दर वाढणार नाही. माथाड्यांचं वेगळं झालं कारण अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, १९६९ मध्ये कायदा झाला, आणि कामगाराची नोंद माथाडी मंडळाकडे, मजुरी मंडळातून, प्रॉव्हिडंट फंड आला. ओळखीने आलेल्या कामालाच कायद्याचा आधार मिळाला. भांडुपमधल्या सुतार पोरांसाठी मला तो रस्ता जास्त जवळचा वाटतो.

प्रश्न : जय भीम ताई. आजोबा वरळीच्या बीडीडी चाळीतले, मिलमध्ये रिंगखात्यात (सूत कातायच्या खात्यात). साचाखात्यात (कापड विणायच्या खात्यात) आपल्या माणसाला घ्यायचे नाहीत असं ते सांगायचे. मी इंजिनीअर आहे, पुण्यात आयटीत. आमच्या कंपनीत अर्ध्याहून जास्त भरती रेफरलने होते, जो आत आहे तो आपल्या मित्राला आणतो आणि त्याला बोनस मिळतो. कुणी जात विचारत नाही, सगळे चांगले आहेत. तरी टीममध्ये आडनावं बघितली की मला आजोबा आठवतात. मी जास्त विचार करतोय का? (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर : जय भीम. नाही, जास्त विचार करत नाही आहात, तुम्हाला जे दिसतंय ते बरोबर दिसतंय.

आजोबा सांगत होते ते इतिहासात नोंदलेलं आहे. साचाखात्यात पगार जास्त. तिथे धोट्यातलं (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातलं) सूत संपलं की नवीन कांडी घालून धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगाराला सवर्ण कामगार त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला की साचाखातं आमच्या माणसांना खुलं करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला, नाहीतर आम्ही संपात का यायचं. बंदी मालकांनी लेखी काढलेली नव्हती. जॉबर आपली माणसं आणायचा, आणि "आपली" मध्ये महार-चांभार बसत नव्हते, एवढ्यावर ती बंदी चालायची. म्हणून जे मिळालं ते रिंगखातं, रेल्वे, गोदी, म्युनिसिपालिटीचं सफाई खातं. सफाई खात्यात तर आजपर्यंत लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसाला नोकरी लागते. घराला आधार मिळतो हे खरंच आहे, त्याला मी नाव ठेवणार नाही, पण आजोबांचा झाडू नातवाच्या हातात यावा यासाठी सगळी यंत्रणा किती सुरळीत चालते आणि त्याला साचाखात्यात न्यायला कुणी नव्हतं, हे बघून माझ्या जिवाची तगमग होते.

तुमच्या कंपनीत धोटा नाही. पण जो आधी आत आला त्याच्या मित्रांत, कॉलेजमध्ये, सोसायटीत जे आहेत तेच पुढे येणार, आणि कुणाच्याही मनात वाईट नसताना आडनावं तीच राहणार. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. वरच्या जातीच्या नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. म्हणजे पोर्टलने अर्ज केला तरी हे, आणि रेफरल तर त्याच्या आधीच होऊन जातो.

मग काय करायचं. एक, तुम्ही आत आहात, तर रेफरल तुम्हीही वापरा, बिनधास्त. समाजकल्याणच्या हॉस्टेलमधले, तुमच्या कॉलेजचे पहिल्या पिढीतले जे इंजिनीअर आहेत त्यांचा ग्रुप करा, कुठे जागा निघतेय, इंटरव्ह्यूला काय विचारतात, पगार किती मागायचा ते टाकत जा. पगाराचा आकडा विशेष करून टाका, कारण ज्याच्या घरात आधी कुणी अशा नोकरीत नव्हतं तो कमी मागतो आणि ती तूट वर्षानुवर्षं भरून निघत नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं, त्यातून पदव्या मिळाल्याच पण एकमेकांना ओळखणारी, एकमेकांना खबर देणारी शिकलेली माणसं पण तयार झाली, त्याचा फायदा पुढच्या दोन पिढ्यांना मिळालाय. दोन, कंपनीत बोलता येत असेल तर एवढंच मागा की ठराविक जागा रेफरलशिवाय, उघड जाहिरातीने भरा. यात जातीचं नाव घ्यायला लागत नाही आणि एचआरला नाही म्हणणं पण अवघड जातं. हे बोलायचं की नाही ते तुमच्या तिथल्या परिस्थितीवर ठरवा, नोकरी धोक्यात घालून करा असं मी इथे बसून सांगू शकत नाही.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला. बारावी झालो, ६८ टक्के. आई-वडील ऊसतोडीला जातात. मुकादम माझा सख्खा मामा आहे. मागच्या हंगामात वडील आजारी पडले, उचल (हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे) फिटली नाही. मामा म्हणतो यंदा तू कोयता घे, पैसे फिटले की शिक. नाही म्हटलं तर आईला वाईट वाटंल, तिचा भाऊ आहे. काय करू (एक विद्यार्थी)

उत्तर : बाळा, आधी स्पष्ट सांगते, यंदा कोयता घेतलास तर पुढच्या वर्षी पण उचल राहील. हे मी तुझ्या मामाला वाईट म्हणून सांगत नाही. त्याने पण वरून, कारखान्याच्या वाहतूक ठेकेदाराकडून पैसे उचललेत आणि टोळी कमी पडली तर त्याची पण मान अडकते. या धंद्यात ओळख म्हणजेच तारण असतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, दिवाळीच्या आसपास उचल घ्यायची आणि उन्हाळ्यापर्यंत फेडत राहायची, कागद नाही, हिशोब मुकादमाच्या वहीत, आणि नातं असल्यामुळे वही बघायला मागता येत नाही. बाहेरचा मुकादम असता तर तू विचारलं असतंस, मामाला विचारणं म्हणजे आईचा अपमान, असं होऊन बसतं.

तर हे कर. वडिलांना सोबत घेऊन मामाकडून हिशोब लिहून घे, उचल किती, किती टन तोडला, दर काय, राहिले किती. भांडू नको, "मला फेडायचेत म्हणून आकडा पाहिजे" असं म्हण. बापाच्या उचलीपायी पोराने कामाला जायलाच पाहिजे असा कुठलाच नियम नाही, उलट १९७६ चा वेठबिगारीविरुद्धचा कायदा अशा बळजबरीच्या विरोधात आहे, आणि अगदी गळ्याशी आलं तर तहसीलदाराकडे जाता येतं. पण तिथपर्यंत न जाता सुटलं तर घरासाठी बरं.

शिक्षणाचं बघ. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात चौकशी कर, सोबत तुझ्या प्रवर्गाप्रमाणे राहण्या-जेवणाचा खर्च देणाऱ्या स्वाधार किंवा सावित्रीबाई फुले आधार योजनेचं विचार. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, आई-वडिलांची नोंदणी झाली आहे का ते ग्रामसेवकाला विचार. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कमवा आणि शिका योजना आहे, त्यात तासावर पैसे मिळतात, फार नाहीत पण खर्चाला होतात आणि त्यातले थोडे तू मामाला पाठवू शकतोस, म्हणजे आईला पण तोंड दाखवायला जागा राहते. आणि तुझ्या गावातून आधी कोण शिकायला बाहेर पडलंय, भरतीत गेलंय, पॉलिटेक्निकला गेलंय, त्याला आजच फोन लाव. फॉर्म कधी निघतात, शेवटची तारीख काय, कुठला दाखला लागतो, हे तो तुला सांगेल, आणि ती तारीख तुम्ही फडावर असताना निघून जाते हेच दरवर्षी होतं. जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला या आठवड्यात काढ. मला परत लिही, मी वाट बघतेय.

प्रश्न : आमचं गावमंडळ गेली साठ वर्षं मुंबईत आहे. गिरगावात खोली आहे. आता तरुण पोरं येत नाहीत, फक्त वार्षिक पूजा होते. काही सभासद म्हणतात खोली विकून पैसे वाटून घ्या. तुमचं मत काय? (एक ज्येष्ठ वाचक, बोरिवली)

उत्तर : काका, विकू नका. मुंबईतल्या गोव्याच्या माणसांचे कूड तुम्ही बघितले असतील, धोबीतलावला गिरगावापासून चालत जाता येतं, एकेका गावाचा एकेक. जहाजावर कामाला जाणारा माणूस बोट मिळेपर्यंत तिथे राहायचा, थोड्या पैशांत पलंग किंवा पेटी ठेवायला जागा, आणि कुठल्या बोटीवर माणूस हवाय ही खबर तिथेच मिळायची. गावकीच्या खोल्यांचंही तेच काम होतं. शहरात उतरलेल्याला पहिले दोन महिने डोक्यावर छप्पर असलं की तो मिळेल ते काम न धरता जरा बघून काम धरू शकतो, आणि आजच्या मुंबईत ते छप्परच सगळ्यात महाग आहे. तुमच्या गावात आज पण एखादा पोरगा असेल ज्याला नर्सिंगचं, आयटीआयचं, परीक्षेच्या क्लासचं काही मिळालंय पण राहायची सोय नाही म्हणून तो आलेला नाही.

पोरं येत नाहीत कारण पूजेला येऊन त्यांना काय मिळतं ते त्यांना कळत नाही. सभासदांच्या वहीत नाव आणि वर्गणी असते, त्यात दोन रकाने वाढवा, कोण कुठे काम करतो आणि कुठल्या कामाबद्दल विचारलं तर सांगू शकेल. पोरी आणि सुना पण त्यात घाला, बहुतेक मंडळांच्या वहीत फक्त पुरुषांची नावं असतात आणि आज तुमच्या गावच्या शिकलेल्या, चांगल्या नोकरीतल्या माणसांत निम्म्या तरी बायका असतील. खोली मुलींना पण देता येईल का ते बघा, वेगळी सोय करावी लागेल, थोडा खर्च येईल. आणि गावातल्या सगळ्या वाड्यांना खोली खुली आहे का तेही एकदा सभेत विचारा, पूर्वी बऱ्याच ठिकाणी नव्हती. वहीचा नमुना तयार झाला की आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात छापू, म्हणजे बाकीच्या मंडळांना पण वापरता येईल.